काचेच्या पेटीतील मात्स्यन्याय

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा काचेआडचा जिवंत मासा ही बहुतेकांच्या लेखी तिकीट काढून पाहावयाची वस्तू होती. पुढे तो दिवाणखान्यात येऊन बसला, आणि त्याच्या पाठोपाठ हौशी लोकांचा एक निराळा वर्गही तयार झाला. ह्या हौसेचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आरंभी लहान, रंगीत, निरुपद्रवी मासे येतात. दोनचार वर्षांत त्यांचा कंटाळा येतो. आणि मग एखादा दांडगा, शिकारी जातीचा, माणसाकडे रोखून पाहणारा मासा आपल्या पदरी असावा असे वाटू लागते. ऑस्कर, अरोवाना, रेडटेल कॅटफिश ही नावे तेव्हा घरात ऐकू येतात. असा मासा आला की लगेच प्रश्न निघतो : ह्याच्या सोबतीला कोण ठेवावे?

प्रश्न दिसावयाला घरगुती आहे. दुकानदाराने माशाची पिशवी बांधता बांधता दोन वाक्यांत उत्तर द्यावे, इतकीच त्याची योग्यता कित्येकांस वाटेल. आम्हांस मात्र त्याच्या पोटात नीतीचा एक खरा आणि अवघड प्रश्न दिसतो, आणि तो माशांपुरता आहे म्हणून त्यास हलके लेखण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. आपल्या राजनीतिकारांनी तरी माशांस हलके लेखले नाही. दंड धारण करणारा कोणी नसला म्हणजे बलवान दुर्बलास गिळतो, ह्या स्थितीस त्यांनी नाव दिले ते 'मात्स्यन्याय' हेच. कौटिल्य सांगतो की ह्या न्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूस राजा केले आणि धान्याचा सहावा हिस्सा त्यास देऊ केला. माणसांच्या राज्यासाठी माशांचा दृष्टांत घेणाऱ्या त्या शास्त्रकारांच्या स्वप्नातही आले नसेल की पुढे खुद्द माशांचेच एक लहानसे राज्य काचेच्या चार भिंतींत वसविले जाईल, आणि कोणी कोणाशेजारी राहावे हे ठरविण्याचा अधिकार एका गृहस्थाच्या हाती येईल. दृष्टांत असा उलटा फिरला असता राजाचे कर्तव्यही त्याच्याबरोबर ह्या गृहस्थाकडे येते की नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम ह्या विषयातील जाणते लोक काय सांगतात ते पाहू. त्यांचा पहिला नियम जबड्याचा आहे. शिकारी मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दात येतात. पण ह्यांपैकी बहुतेक मासे चावून खात नाहीत. ते तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतात. म्हणून कोण भक्ष्य आणि कोण शेजारी, हे स्वभावावरून ठरत नाही. ते तोंडाच्या मापावरून ठरते. जो तोंडात मावतो तो आज ना उद्या पोटात जातो. ऑस्करसोबत सिल्व्हर डॉलर नावाचा मासा ठेवावा असे जे सांगतात त्याचे इंगित हेच. हा मासा नाण्यासारखा वाटोळा, अंगाने चपटा व उंच असतो. त्यामुळे ऑस्करच्या तोंडात तो शिरतच नाही. गमतीची गोष्ट अशी की हा मुख्यत्वे पाला खाणारा गरीब प्राणी कुळाने पिरान्हाचा भाऊबंद आहे.

परंतु माप हा नियमही निर्दोष नाही. कोरिडोरास म्हणून दोनअडीच इंचांचा, तळाशी वाळू हुंगीत फिरणारा एक मासा आहे. त्याच्या परांत काटे असतात, आणि संकट आले की ते ताठ होऊन जागच्या जागी अडकून बसतात. अननुभवी माणूस 'तळ साफ ठेवील' म्हणून त्यास मोठ्या माशाच्या टाकीत सोडतो. मोठा मासा त्यास गिळू पाहतो, काटे घशात रुततात, आणि कित्येकदा दोघेही त्याच अवस्थेत मरतात. येथे भक्षकाने आपल्या स्वभावाप्रमाणे केले आणि भक्ष्याने आपल्या. ह्या मरणात चूक कोणा माशाची नाही; ज्याने दोघांस एका पाण्यात आणले त्याची आहे, हे सांगण्यास मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. पाण्याचा कठीणपणा, उष्णता, खाण्याच्या वेळा ह्यांविषयीही नियम आहेत. ते पुस्तकांत मिळतात आणि पाळावयास सोपे आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही.

एकत्र ठेवण्याजोग्या माशांस इंग्रजीतून 'कंपॅटिबल' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. साधा मराठी माणूस 'हे दोघे एकत्र चालतात' असे म्हणतो, आणि आम्हांस हा शब्दप्रयोग अधिक प्रामाणिक वाटतो. कारण चालणे म्हणजे तूर्त चालणे. टाकीतील शांतता पाहून पाहुणे म्हणतात, काय गुण्यागोविंदाने राहतात! वस्तुतः तेथे गुणही नाही आणि गोविंदही नाही. एकास दुसरा गिळता येत नाही, एवढाच त्या शांततेचा आधार आहे. आणि तो आधार रोज सरकत असतो. ऑस्करचे दीडदोन इंचांचे पिल्लू वर्ष-सव्वा वर्षात फुटाच्या घरात जाते. ज्या दिवशी त्यास सोबती निवडला त्या दिवशीचे माप पुढच्या दिवाळीस लागू पडत नाही. म्हणून जे जाणते आहेत ते आजच्या माशाकडे पाहतच नाहीत. हा पूर्ण वाढला म्हणजे केवढा होईल आणि तो दुसरा केवढा होईल, हे ते विचारतात. ह्या हौसेत दूरदृष्टी नावाचा जो काही गुण असेल तो एवढाच, परंतु तो फार थोड्यांच्या अंगी असतो.

आता आक्षेप येतो तो असा : नदीत हेच चालते, जीव हा जीवाचे अन्न आहे ही सृष्टीची रीत आहे, मग टाकीत एका माशाने दुसऱ्यास गिळले तर पाळणाऱ्याने एवढे मनास का लावून घ्यावे? आक्षेप जुना आहे आणि वरवर बिनतोड दिसतो. पण त्यात एक गोष्ट विसरली जाते : नदीला काच नसते.

आपल्याकडील मरळ पाहा. तळ्यात, संथ नदीत, गवताच्या आडोशाला दबा धरून बसणारा हा पक्का शिकारी. पण ज्या पाण्यात मरळ आहे त्याच पाण्यात लहान माशांस उथळ कडा आहेत, वेलींची जाळी आहे, पावसाळ्यात पसरलेले शेतातले पाणी आहे. दहा वेळा मरळ झेपावते त्यांत पुष्कळ वेळा ती रिकाम्या तोंडाने परत फिरते. आणि हीच मरळ आपल्या तांबूस पिल्लांच्या थव्याभोवती नर-मादी मिळून पहारा करते, तेव्हा तिच्या शिकारीपणास दुष्टपणा म्हणण्याचे धैर्य आम्हांस तरी होत नाही. ऑस्करचेही तसेच. त्याच्या शेपटीच्या मुळाशी नारिंगी कड्याचा एक काळा ठिपका असतो. तो हुबेहूब डोळ्यासारखा दिसतो, म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात 'ऑसेलेटस' हे पद आले. दक्षिण अमेरिकेतील त्याच्या मायदेशी पिरान्हाच्या जातीचे मासे इतरांच्या शेपट्या कुरतडीत फिरतात, आणि हा खोटा डोळा त्यांची फसगत करीत असावा असा प्राणिशास्त्रज्ञांचा तर्क आहे. म्हणजे आपल्या टाकीतला हा दांडगेश्वर आपल्या घरी स्वतःही कोणाला तरी भिऊन होता. निसर्गातील मात्स्यन्यायात गिळणे आहे तसे निसटणेही आहे, आणि गिळणाऱ्यालाही आपले भय आहे.

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी घरात मोठी समजली जाते. तीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. त्या पाण्यात निसटून जावयाला जागा कोठे आहे? लहान मासा कोपऱ्यात जातो आणि तेथेच राहतो, कारण कोपऱ्यापुढे काच आहे. काचेने भक्षकाची भूक तशीच ठेवली आणि भक्ष्याची धाव तेवढी काढून घेतली. ह्यास सृष्टीची रीत म्हणणे म्हणजे वाघाच्या पिंजऱ्यात शेळी सोडून वनाचा नियम सांगण्यासारखे आहे. वाघाने शेळी खाल्ली हे खरे. पण पिंजऱ्याचे दार कोणी उघडले, हा प्रश्न वाघास विचारावयाचा नसतो.

कोणी म्हणेल, माशास वेदना तरी होतात काय? २००३ साली लिन स्नेडन ह्या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत दाहक द्रव्य टोचून पाहिले. ते मासे ओठ खड्यांवर घासू लागले, त्यांचा श्वास जलद झाला आणि खाण्यावरची वासना उडाली. ह्यास वेदना म्हणावे की केवळ शरीराची प्रतिक्रिया, ह्यावर विद्वानांत वाद चालू आहे. तो वाद मिटेपर्यंत संशयाचा फायदा कोणास द्यावा एवढेच ठरवावयाचे असेल, तर जो काचेच्या आत आहे त्यास द्यावा असे आमचे मत आहे.

परंतु गिळण्याचा प्रश्न हा ह्या विषयातला सोपा भाग होय. खरा पेच निराळाच आहे. ऑस्कर ज्या सिक्लिड कुळातला आहे त्या कुळातले पुष्कळ मासे जोडीने राहतात, जागा राखतात, पिल्ले सांभाळतात. अशी एक जोडी टाकीत एकटीच ठेवली तर ती सुखाने नांदेल असे आपल्यास वाटते. घडते ते उलटेच. नराच्या अंगातील भांडणाची ऊर्मी बाहेर टाकावयाला शत्रू नसला की तो आपल्याच मादीवर उलटतो, आणि कित्येकदा तिचा जीव घेतो. कोन्राड लोरेंझ ह्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ च्या आपल्या आक्रमणवृत्तीवरील ग्रंथात ह्याचे मोठे मार्मिक वर्णन केले आहे. टाकीच्या मध्ये काचेचा पडदा घालून दोन्ही बाजूंस एकेक जोडी ठेवावी; दोन्ही नर पडद्यापलीकडच्या शेजाऱ्यावर आपला राग काढतात आणि घरात प्रेमाने वागतात. मात्र पडद्यावर शेवाळ धरून पलीकडचे दिसेनासे झाले की नर मादीशी उर्मटपणे वागू लागतो; काच पुसली की पुन्हा घरात शांतता!

ज्यांस असा पडदा घालण्याची सोय नाही ते दुसरी युक्ती करतात. जोडीच्या टाकीत एक तिसरा, अंगाने दणकट मासा सोडतात. त्याने मार खावा आणि जोडी टिकावी, एवढ्यासाठीच तो असतो. ह्यास ते 'टार्गेट फिश' म्हणतात. येथे सोबती निवडण्याचा अर्थच बदलला. ह्या तिसऱ्याला गिळता येऊ नये इतका तो मोठा हवा आणि उलट मारता येऊ नये इतका तो शांत हवा. अशा दोन्ही गुणांमुळे त्याची निवड होते. त्याच्या सद्गुणांचेच त्यास शासन मिळते, असे म्हणावयास हरकत नाही. वाचकांस येथे माणसांच्या कुटुंबांतील काही ओळखीच्या जागा आठवतील. त्या आम्ही दाखवून देत नाही.

ह्या दोन युक्त्यांत आमच्या मते फार मोठा भेद आहे. काचेच्या पडद्यापलीकडचा शेजारी शत्रू म्हणून उपयोगी पडतो, पण त्याच्या अंगास धक्का लागत नाही आणि त्याचीही जोडी त्याच्याजवळ असते. सौदा दोन्हीकडून सारखा आहे. पडद्यावाचूनचा तिसरा मासा मात्र मार खाण्याकरिता आणलेला आहे, आणि त्याच्या बाजूने ह्या व्यवहारात काहीच नाही. तो मरत नाही, खातो-पितो, हे खरे. पण दोघांच्या संसारासाठी एकाचे सारे आयुष्य कोपऱ्यात घालविणे ह्यास सोबत हे नाव देता येणार नाही. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या खडकाळ काठांवरचे भांडखोर मासे पाळणारे लोक तिसरीच वाट धरतात. ते टाकीत मुद्दाम दाटी करतात, म्हणजे मारणाऱ्यास कोणा एकाच्या मागे लागता येत नाही. आणि नवा मासा आणण्यापूर्वी सगळे दगड हलवून ठेवतात, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडून सारेच नव्याने आलेले होतात. ही दाटी सुखाची आहे असे आम्ही म्हणत नाही. तीस पाणी गाळण्याची फार कडक व्यवस्था लागते, आणि तो खर्च चुकविला तर सगळेच मरतात. पण तीत दुःख वाटले जाते, एकाच्या डोक्यावर लादले जात नाही. निवड करावयाची वेळ आलीच तर हीत काही न्याय आहे.

जिवंत मासे खाऊ घालण्याच्या प्रथेविषयी थोडक्यात लिहितो. पाहुण्यांसमोर टाकीत गोल्डफिशची पिल्ले सोडून मोठ्या माशाची झडप दाखविणे, हा कित्येक घरांतील करमणुकीचा प्रकार आहे. ह्यास भुकेचे निमित्तही पुरत नाही, कारण बहुतेक शिकारी मासे कोळंबीवर, शिंपल्याच्या मांसावर आणि तयार गोळ्यांच्या खाद्यावर चांगले वाढतात. शिवाय गोल्डफिशच्या मांसात ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार नष्ट करणारे द्रव्य असते आणि त्याच्यासोबत रोगही येतात, म्हणजे खाणाऱ्याचेही त्यात हित नाही. एवढ्यावर ज्यास हे सोडवत नसेल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता मनूकडे परत येऊ. कारण त्याच्या नावावर दोन कथा आहेत, आणि दुसरी आम्हांस पहिलीहून अधिक उपयोगी वाटते. शतपथ ब्राह्मणात अशी गोष्ट आहे की सकाळी हात धुताना मनूच्या ओंजळीत एक लहान मासा आला आणि म्हणाला, माझे पालन कर. आम्ही लहान असतो तोवर मोठे मासे आम्हांस गिळतात. म्हणून आधी मला घड्यात ठेव, घड्यात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव, आणि त्यातही मावेनासा झालो म्हणजे समुद्रात सोड. मनूने तसे केले. पुढे जलप्रलयात त्या माशाने त्याची नौका ओढून नेली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि बहुतेकांचे लक्ष त्या प्रलयाकडेच असते. आमचे लक्ष घड्याकडे जाते. मासा पाळण्याची जी सर्वांत जुनी हकीकत आपल्याकडे आहे तीत पाळणाऱ्याने मान्य केलेली अट ही, की मासा वाढेल तसे पाणी वाढवीत न्यावे, आणि शेवटी त्यास सोडून द्यावे. एका जिवाचे रक्षण करण्याचा शब्द दिला तो त्याच्या लहानपणापुरता नव्हता.

रेडटेल कॅटफिशचे पिल्लू दुकानात दोनतीन इंचांचे असते. काळे-पांढरे अंग, तांबडी शेपटी, लांब मिशा. पाहता क्षणी घ्यावेसे वाटावे असे. अॅमेझॉन आणि ओरिनोको ह्या नद्यांच्या प्रदेशातला हा मासा चार फुटांहून मोठा होतो. दोन फूट रुंदीच्या टाकीत त्यास अंग वळविणेही अशक्य. त्याच्यासोबत काय ठेवावे ह्यास जाणत्यांचे उत्तर बहुधा एकच असते : काही नाही; तो आपल्याएवढ्या माशासही गिळू पाहतो. तेव्हा मनूच्या अटीतला घडा आला, फार झाले तर खड्डाही आला. समुद्राचे काय?

समुद्र आज आपल्याला बंद आहे. २०२३ च्या मे महिन्यात श्रीनगरच्या दल सरोवरात सफाई चालली असता एक अॅलिगेटर गार सापडला. सुसरीसारख्या जबड्याचा हा उत्तर अमेरिकेतील मासा काश्मीरच्या पाण्यात आपण होऊन येणे शक्य नाही. कोणीतरी तो आणून सोडला असला पाहिजे. सोडणाऱ्याने तो दयेनेच सोडला असेल. पण अशा दयेचे फळ पाहावयाचे तर पनामातील गातून सरोवराकडे पाहावे. तेथे १९६७ च्या सुमारास पीकॉक बास हा दक्षिण अमेरिकेतील शिकारी मासा एका तळ्यातून निसटून शिरला. १९७३ साली झॅरेट आणि पेन ह्या दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या शोधात दिसून आले की थोड्याच वर्षांत तेथील नेहमीच्या देशी माशांपैकी बहुतेक जाती नाहीशा झाल्या होत्या, आणि त्यांवर पोट भरणारे पाणपक्षीही उणावले होते. त्या देशी माशांस पळावयाला सबंध सरोवर होते. पण असल्या शत्रूची ओळख त्यांच्या पिढ्यांत कधी झालेली नव्हती. मनूने मासा समुद्रात सोडला तेव्हा तो त्याच्या मूळच्या घरी गेला. आपण टाकीतला मासा तळ्यात सोडतो तेव्हा एका परक्या गावात तेथल्या रहिवाशांची संमती न घेता त्यास वसवितो. सोबती निवडण्याचा हाही एक प्रकारच आहे, फक्त ह्या वेळी टाकी फार मोठी असते आणि निवडणारा घरी निघून गेलेला असतो.

मग वाढलेल्या माशाचे करावे काय? सार्वजनिक मत्स्यालयांस असे मासे देऊ करणारे इतके लोक असतात की त्यांजकडून बहुधा नकार येतो. मोठे तळे बांधण्याची ऐपत शंभरात एकाची असेल. उरते ते लवंगेचे तेल. पाण्यात त्याचे प्रमाण वाढवीत नेले असता मासा प्रथम गुंगतो आणि मग मरतो; जाणते लोक आजारी माशाच्या शेवटासाठी ते वापरतात. धडधाकट, ओळखीचा, काचेशी येऊन हातातून खाणारा मासा केवळ मावत नाही म्हणून अशा रीतीने संपविणे कोणाही पाळणाऱ्यास जड जाते, आणि ते जड जावे हेच योग्य. तरीही दल सरोवराच्या काठावर बादली उपडी करणाऱ्यापेक्षा ह्याचा हात आम्ही अधिक स्वच्छ मानतो. कारण त्याने आपल्या निवडीचे ओझे आपल्याच घरात ठेवले, दुसऱ्या कोणा माशांवर टाकले नाही.

राहता राहिला एकटेपणाचा मुद्दा. मोठा मासा एकटा ठेवला तर त्याचा जीव रमणार नाही, असे सांगून सोबती आणणारे पुष्कळ भेटतात. झुंडीने राहणाऱ्या माशांविषयी हे बोलणे खरे आहे. सिल्व्हर डॉलर एकटा ठेवला तर तो भेदरलेला राहतो, त्यास पाचसहा भाईबंद लागतात. ऑस्करविषयी निश्चयाने तसे म्हणवत नाही, आणि फ्लॉवरहॉर्न ह्या संकर करून काढलेल्या माशास तर दुसरे कोणी खपतच नाही. रिकामी दिसणारी टाकी माशास रिकामी वाटते की खुर्चीवर बसलेल्या धन्यास, हे धन्याने स्वतःशी विचारून पाहावे. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एखाद्या दुकानात काचेला नाक लावून उभे असलेले मूल रेडटेलच्या पिल्लाकडे बोट दाखविते आणि बापास विचारते, ह्याच्याबरोबर आणखी कोणते घ्यायचे? बापाने दुकानदारास विचारावे की हा केवढा होतो. चार फूट हे उत्तर ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची गरज राहत नाही, आणि पिशवी न घेता घरी परत जाता येते.